टॉवर खचत नाही, उपटतो

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

विजेच्या टॉवरचं वजन ते किती आणि त्याला पाया एवढा मोठा कशाला, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

टॉवरला चार पाय. आडवा वारा लागला की वाऱ्याकडचे दोन वर ओढले जातात, पलीकडचे दोन दाबले जातात. लाइन वळते तिथे तर तारांचा ताण बारा महिने एकाच बाजूला. दाब माती बहुधा सोसते. पायाचं माप ठरतं ते या उपटण्यावरून.

हा जोर अडवतं ते काँक्रीटचं आणि त्यावरच्या मातीचं वजन. समजा एका पायाखाली २ मीटर चौरस पाया ३ मीटर खोल आहे. पाया उपटताना माती उभ्या रेषेपासून जेवढ्या कोनात बाहेर पसरत उचलली जाते तो कोन २० अंशांचा धरला, तर वर रुंद होत गेलेली सुमारे ३० घनमीटर माती त्याच्यासोबत उचलावी लागते. घनमीटरला १.८ टन धरून ५४ टन झाले. भूजल वर चढलं की पाणी खालून उचलून धरतं, म्हणून तीच माती घनमीटरला जेमतेम टनभर भरते आणि जवळपास निम्मा आधार जातो. काँक्रीटसुद्धा २.४ टनांचं १.४ होतं. म्हणून पाण्याची पातळी फक्त उन्हाळ्यात मोजून भागत नाही.

खालची माती कशी आहे हे आधी बोअर म्हणजे खोल भोक घेऊन तपासतात. त्यात नळी ठोकायला ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटीमीटरवरून पाडून ठोके मोजतात. नळीचे पहिले १५ सेंटीमीटर सोडायचे, पुढच्या ३० सेंटीमीटरचे ठोके म्हणजे ‘एन’, मातीच्या घट्टपणाचा आकडा. गोटे लागले की हा आकडा फुगतो. त्याहून वाईट म्हणजे बोअर एखाद्या मोठ्या धोंड्यावर अडतो आणि अहवालात ‘खडक लागला’ असं लिहिलं जातं. त्याच भरवशावर रॉक अँकर, म्हणजे खडकात रोवायच्या सळ्या, बसवतात! डायमंड बिटने, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या पात्याने, आणखी निदान ३ मीटर गाभा (दगडाचा अखंड दंडगोल) काढून बघायलाच हवा.

पण सगळ्यात जास्त घात होतो भरावात, म्हणजे पायाचा खड्डा परत बुजवताना. मघाचे ५४ टन माती नीट परत बसवली तरच खरे. २० ते ३० सेंटीमीटरचा थर, बेताचा ओलावा, मग धुम्मस करून माती घट्ट ठोकायची, मग पुढचा थर. घाईत जेसीबीने ओली ढेकळं एकदम लोटली, तर तो कोन तयारच होत नाही. मग पाया डोक्यावरची तेवढी १२ घनमीटर माती घेऊनच वर येतो. ५४ चे जेमतेम २२ टन उरतात. वरून बघाल तर दोन्ही खड्डे सारखेच बुजलेले. पाऊस पडल्यावर पायाभोवती जमीन बसून पाणी साचलं असेल, तर आत धुम्मस झालेली नाही असं समजा.

आईला नमस्कार सांगा.

तुमचा,
धाकटा