सुभेदार काका, मेडिकल बोर्डासमोर जायचं ठरवलंय

आदरणीय सुभेदार काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आपल्या लातूर-धाराशिव-बीडकडची बरीच पोरं टेरिटोरियल आर्मीत (टीए), म्हणजे नोकरी-शेती सांभाळून करायच्या फौजेत, आहेत आणि तुम्ही मला जे समजावून सांगितलंत, ते त्यांनाही कधी ना कधी लागेल. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

काश्मीरमध्ये एम्बॉडी असताना, म्हणजे पूर्णवेळ ड्युटीवर बोलावलेलं असताना, माझ्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे सगळ्या ड्युटीला तंदुरुस्त नाही असा शेरा, लागली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. आई म्हणायची, कारखान्यात नोकरी आहे, थोडंफार रान आहे, दे की सोडून. माझ्याच्यानं वर्दी सोडवत नव्हती. टीए म्हणजे वर्षाकाठी महिना-दोन महिन्यांचं ट्रेनिंग, त्यात अडकण्यासारखं काय, असं लोकांना वाटतं. पण एम्बॉडीचा हुकूम आला की रेग्युलर जवानासारखीच ड्युटी आम्हीही करतो. भावकीतलं कोणी म्हणे राजीनामा टाक, तर कोणी म्हणे पेन्शन बसेपर्यंत रेट.

तुम्ही रेग्युलरची नोकरी करून नंतर संभाजीनगरच्या इको बटालियनमध्ये झाडं लावलेली, म्हणून टीएचे नियम तुम्हाला आतून माहीत. तुम्ही ओसरीवर माझे सगळे कागद पसरले आणि हिशेब मांडला. पेन्शनला 15 वर्षं लागतात ती एम्बॉडी सेवेची, त्यामुळे भरतीच्या तारखेपासून वर्षं मोजून भागत नाही, घरी काढलेला काळ त्यात येत नाही. माझी खरी वर्षं कितीतरी कमी भरली. त्या वर्षांसाठी पाय रेटत राहण्यात अर्थ नाही, हे तिथंच स्पष्ट झालं.

मग तुम्ही इंज्युरी रिपोर्ट वेगळा काढून माझ्या हातात दिलात. "हा कागद जीवापाड जप," म्हणालात. दुखापत ड्युटीवर झाली, हे सांगणारा तोच. सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं अपंगत्व मेडिकल बोर्डानं, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं, किमान 20 टक्के धरलं, तर डिसॅबिलिटी पेन्शनचा विचार होतो. म्हणून मेडिकल बोर्डाआधी स्वतःच्या विनंतीवरून घरी जाण्याच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, हे तुम्ही बजावलंत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माझ्यासोबत आलात, कल्याण संघटकांसमोर माझ्या शेजारी बसलात.

पण काका, खरे आभार मानायचेत ते पायऱ्यांच्या बारवेवरच्या त्या सकाळसाठी. "गुडघा काय म्हणायलाय?" विचारलंत. मी ठीक म्हणालो. पाठीवर दगडांनी भरलेली पिशवी दिलीत आणि म्हणालात, "उतर बरं." चढताना फारसं जाणवत नाही, उतरतानाच गुडघा दगा देतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. चौथ्या-पाचव्या पायरीला पाय लटपटला, मी भिंत धरली. तुम्ही वरूनच विचारलंत, "तिथं रात्री उतरताना भिंत असती का? तुझ्या मागं चालणारं पोरगं कुणाच्या भरवशावर?"

तोवर सगळे माझ्याबद्दल बोलत होते: माझी पेन्शन, माझा मान. मागच्या जवानाचं नाव कोणीच काढलं नव्हतं. वर्दीवर जीव आहे म्हणूनच तिच्यातून बाहेर पडावं लागतं, हे मला दुसऱ्या कुणाकडून पटलं नसतं.

घरी आल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे बायकोला सगळे कागद वाचून दाखवले. तिनं एवढंच विचारलं, बोर्डापुढं दुखणं लपवणार नाही ना? नाही लपवणार. वाढवूनही सांगणार नाही. बोर्डानं हलक्या कामावर ठेवण्याजोगा म्हटलं आणि युनिटला तसा माणूस हवा असला, तर आनंदानं राहीन. घरी जा म्हटलं, तर मान ताठ ठेवून येईन.

इंज्युरी रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या कागदांच्या झेरॉक्स काढून एक संच तुमच्याकडे ठेवायला पाठवतोय. बोर्डाची तारीख आली की आधी तुम्हाला फोन करतो. काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
औसा तालुक्यातला एक टीए जवान