यहेज्केलाचा पहिला अध्याय शिकवणाऱ्या मुलीस

प्रिय रूथ,

प्रभू येशूच्या नावाने तुला सलाम आणि आशीर्वाद.

तरुण संघात बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय तुझ्या वाट्याला आला आहे, असं कळवलंस. अध्याय अवघड आहे, पण झेपेल. फक्त सुरुवात त्याच्या दर्शनातल्या चाकांपासून करू नकोस. बहुतेक अभ्यासवर्ग तिथेच रुततात. फळ्यावर चाकात चाक काढायला घेतात, चार तोंडं कशी बसवायची यावर अर्धा तास जातो आणि सिंहासनापर्यंत कोणी पोचतच नाही.

आधी पहिली तीन वचनं सावकाश वाचून घे. यहूदाच्या यहोयाखीन राजाच्या बंदिवासाचं पाचवं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५९३. यरुशलेम आणि मंदिर दोन्ही अजून उभी आहेत. मंदिर जळायला सात वर्षं आहेत. पण ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यहोयाखीनाबरोबर जे लोक बाबेलला नेले, त्यांत बूजीचा मुलगा यहेज्केल हा याजकही गेला. तो तेल-अबीबच्या बंदिवानांत राहत होता, खबार नदीच्या काठी. ही नदी म्हणजे निप्पूर शहराजवळचा एक कालवा, असं अभ्यासक मानतात. पुढे एज्रा हा याजक बाबेलहून यरुशलेमला निघाला तेव्हा त्याला चार महिने लागले, त्यावरून अंतराची कल्पना येईल. पहिल्या वचनातलं 'तिसावं वर्ष' कशाचं, यावर मतभेद आहेत. ते त्याचं वय असावं, असं मला वाटतं. गणना या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, सेवेसाठी तिसाव्या वर्षापासूनचे पुरुष मोजले आहेत. म्हणजे ज्या वयात वेदीपुढे उभं राहायचं, त्या वयात हा माणूस परक्या, अशुद्ध मानलेल्या भूमीवर आहे. हे मनात ठसल्याशिवाय पुढचं दर्शन नुसतं विचित्र वाटतं.

मग दर्शन खालून वर वाच, कारण तोही तसंच पाहतो. उत्तरेकडून वादळ, मोठा मेघ, धगधगता अग्नी. त्यात चार जिवंत प्राणी. प्रत्येकाला चार तोंडं आणि चार पंख. समोर मनुष्याचं तोंड, उजवीकडे सिंहाचं, डावीकडे बैलाचं, शिवाय गरुडाचं. पाय सरळ, तळवे वासराच्या खुरांसारखे. प्रत्येकापाशी जमिनीवर एक चाक, चाकांच्या कडांना सगळीकडे डोळे. प्राण्यांच्या डोक्यांवर स्फटिकासारखं अंतराळ, म्हणजे आकाशासारखं छत, त्यावर नीलमण्यासारखं सिंहासन, आणि सिंहासनावर मनुष्यासारखं कोणीतरी, भोवती इंद्रधनुष्यासारखं तेज. वर जाताना त्याची भाषा कशी जपून चालते, ते मुलांना दाखव. खुरांबद्दल तो ठामपणे बोलतो. सिंहासनाजवळ पोचला की 'सारखं' आणि 'असं दिसलं' याशिवाय एक पाऊल टाकत नाही. देवाचं रूप सांगताना संदेष्टाच एवढा सावध असेल, तर आपण त्याचं चित्र काढायला बसू नये.

हे प्राणी कोण, ते त्यालाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. दहाव्या अध्यायात, दुसऱ्यांदा पाहिल्यावर, तो म्हणतो की हे करूब, म्हणजे देवाच्या सिंहासनापाशी असणारे पंखवाले प्राणी, आहेत हे मला समजलं. शलमोनाच्या मंदिरात परमपवित्र स्थानी दोन करूब होते: दहा हात उंच, एकेक पंख पाच हातांचा, दोघांचे पंख मिळून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ते जैतुनाच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले आणि जागेवर उभे. खबारकाठी तेच जिवंत आहेत आणि चालतात. आता चाकांकडे ये. चाकं चारही दिशांना जातात, वळावं लागत नाही. देवाचं सिंहासन मंदिरात खिळलेलं नाही. ते बंदिवानांच्या वस्तीपर्यंत येतं. अध्यायाचा कणा हाच आहे.

हे दर्शन म्हणजे अंतराळयान होतं, असा विषय कोणीतरी काढेल. हसण्यावारी नेऊ नकोस. अश्शूरच्या राजवाड्यांच्या दारांशी माणसाचं तोंड, बैलाचं किंवा सिंहाचं अंग आणि गरुडाचे पंख असलेले दगडी रक्षक उभे असत, हे सांग. त्या काळच्या माणसाला अशी आकृती राजसत्तेची खूण म्हणून ओळखू आली असती. इथे तसले प्राणी इस्राएलाच्या देवाच्या सिंहासनाखाली आहेत.

चार तोंडं म्हणजे चार शुभवर्तमानं, असंही कोणी म्हणेल. परंपरा जुनी आहे आणि सुंदर आहे, पण तिच्यावर शिकवण उभारू नकोस: आद्य मंडळीतल्या शिक्षकांपैकी इरेनियसने सिंह योहानाला आणि गरुड मार्काला दिला, जेरोमने नेमकं उलट.

पहिला अध्याय एकटा शिकवलास तर अर्धीच गोष्ट हाती येते. आठ ते अकरा हे अध्याय जोड. मंदिरात तम्मूज या परक्या दैवतासाठी रडणाऱ्या स्त्रिया, मंदिराकडे पाठ करून सूर्याला नमन करणारे पुरुष. आणि मग देवाचं तेज मंदिरातून निघतं. आधी उंबरठ्यावर, मग पूर्वेच्या दरवाजाशी, शेवटी शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर. टप्प्याटप्प्याने, जणू पाय निघत नाही. जे सिंहासन बंदिवानांकडे येऊ शकतं, ते मंदिर सोडूनही जाऊ शकतं, हे सांगताना आवाज सौम्य ठेव; पण गाळू नकोस. त्रेचाळिसाव्या अध्यायात तेज पूर्वेकडून परत येऊन नवं मंदिर भरून टाकतं. मात्र एज्राच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या मंदिराचं समर्पण होतं तेव्हा देवाच्या तेजाच्या मेघाचा उल्लेख नाही.

इथून ख्रिस्ताकडे जा, घाई न करता. योहान १:१४ वाच: शब्द देही झाला, आम्ही त्याचं तेज पाहिलं. मग मत्तय २३:३८ ते २४:३. येशू म्हणतो, तुमचं घर तुमच्यावर सोडलं आहे. मंदिरातून निघतो आणि जैतुनांच्या डोंगरावर जाऊन बसतो. मत्तय यहेज्केलाचं नाव घेत नाही, म्हणून 'पूर्ण झालं' असं ठोकून सांगू नकोस. पण मंदिरातून पूर्वेच्या डोंगरावर, वाट तीच आहे, आणि मला तरी ती योगायोगाची वाटत नाही. सिंहासनावर मनुष्यासारखं दिसलेलं कोण, याचं उत्तर आपण २ करिंथ ४:६ मध्ये वाचतो: देवाचं तेज येशू ख्रिस्ताच्या मुखावर. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात प्राणी, इंद्रधनुष्य, स्फटिकासारखा समुद्र पुन्हा भेटतात. तिथे पंख सहा आहेत आणि प्रत्येकाला एकच तोंड आहे. कोणी विचारलं तर गोंधळू नकोस, योहान जुनं दर्शन नव्याने पाहतो आहे.

तासाभराची सभा असेल तर पहिल्या तीन वचनांना पंधरा मिनिटं, दर्शनाला वीस, मंदिरातून जाण्या-येण्याला दहा, उरलेला वेळ ख्रिस्ताला. वाचन मात्र १:२८ ला थांबवू नकोस. तिथे यहेज्केल उपडा पडतो. २:२ मध्ये आत्मा त्याला पायांवर उभं करतो आणि लगेच बंडखोर लोकांकडे पाठवतो. २:१० पर्यंत वाच. दोन्ही बाजूंनी विलाप लिहिलेला तो ग्रंथपट मुलांना पुढच्या आठवड्यासाठी दे.

तुझे,
पप्पा