सूचना वाचणार कोण, हा रकाना तक्त्यात नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या उद्योग पुरवणीत मागच्या आठवड्यात क्लाउडवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर, वापरायच्या सुरक्षा साधनांची तुलना करणारा लेख आला होता. सोबत अर्धं पान भरून तक्ता, वर साधनांची नावं, डावीकडं सोयी, आणि मध्ये जिकडंतिकडं बरोबरच्या खुणा. आमच्या ऑफिसातल्या पोरांनी तो कापून भिंतीवर लावला. दोन दिवसांनी मीच तो काढला. का काढला, ते सांगायला हे पत्र.

आमची चौदा माणसांची कंपनी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आणि थोड्या सांगलीकडच्या मिळून २१२ गावच्या दूध संस्थांचा हिशेब आमच्या सॉफ्टवेअरवर चालतो. सकाळ-संध्याकाळ संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरणारा घन भाग), दहा दिवसांचं बिल, त्यातून पशुखाद्याची आणि रोख उचलीची वजावट, दिवाळीला दरफरक. पूर्वी हे सगळं संस्थेतल्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर असायचं. २०१९ च्या पुरात शिरोळकडच्या तीन संस्थांचे कॉम्प्युटर पाण्याखाली गेले आणि सभासदांच्या वहीवरून हिशेब पुन्हा उभा करताना आमचे दीड महिने गेले. तेव्हा ठरलं, आता क्लाउड. २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रावर सगळं हलवलं आणि आम्ही निर्धास्त झालो. तीच चूक.

गेल्या फेब्रुवारीत भुदरगड तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिवांच्या मुलाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मॅडम, तुमच्या मेसेजच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याचंच बिल उघडतंय की." मी त्याच्याशी बोलता बोलता दुसऱ्या मोबाइलवर करून पाहिलं. एका आकड्यावर राधानगरीतल्या कुणा बाईंचं बिल उघडलं. दोन म्हशी, दहा दिवसांचं लिटर, खात्याचा नंबर, आणि खाली वजावटीत उचल १८,०००. पुढचा आकडा टाकला, पुढचं बिल. पासवर्ड नाही, काही नाही.

खात्याचा नंबर एक वेळ राहू द्या. गावात कुणाच्या अंगावर किती उचल आहे हे भाऊबंदांना कळणं म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना सांगून कळायचं नाही. कुणाच्या मुलीची सोयरीक चाललेली असते, कुणाचा बांधावरून वाद असतो.

झालं होतं असं, की बिलांच्या पीडीएफ ज्या कोठीत ठेवल्या होत्या, तिला तिकडं बकेट म्हणतात, ती २०२१ मध्ये आमच्याच माणसानं सगळ्या जगाला उघडी केली होती. व्हॉट्सॲपवरची लिंक एका टिचकीत उघडावी एवढाच हेतू. ॲमेझॉननं एप्रिल २०२३ पासून नवी बकेट आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली, पण जुन्यांना हात लावला नाही. आमची जुनी. क्लाउड कंपनी इमारत सांभाळते, खोलीचं कुलूप भाडेकरूचं, हे करारात लिहिलेलंच असतं. वाचतो कोण?

बकेट बंद करायला दहा मिनिटं लागली. मग आमच्या सीएंनी विचारलं, आणखी कुणी पाहिलं? आणि आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. ॲमेझॉन खात्यात कोणी काय बदललं याची ९० दिवसांची नोंद आपोआप ठेवतं. पण कोणती फाइल कोणी उघडून वाचली याची नोंद हवी असेल तर ती आपण मुद्दाम सुरू करावी लागते, आणि तिचे पैसे पडतात. आम्ही सुरू केलेली नव्हती. त्यामुळं कुणी पाहिलं याचं उत्तर आमच्याकडं आजही नाही, पुढंही मिळणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. आम्ही तिसऱ्या दिवशी कळवलं. सहा तासांचं माहीतच नव्हतं.

त्यानंतर साधन विकत घ्यायचं ठरलं आणि विक्रेते सुरू झाले. पुण्याहून आलेल्या दोघांनी पहिल्याच स्लाइडवर '२५० कोटी' एवढंच लिहिलं होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची ती कमाल मर्यादा आहे. आकडा खरा, पण चौदा माणसांच्या ऑफिसात चहा पिताना तो असा भिंतीवर झळकवणं मला आवडलं नाही. त्यांचं साधन परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचं. भाव वर्षाला अकरा लाख, वर जीएसटी. भाव सर्व्हरच्या संख्येवर, आणि संख्या मोजायची ती दिवसातली जास्तीत जास्त. आता दुधाचा धंदा कसा असतो? सकाळी सहा ते साडेनऊ आमचे सर्व्हर चाराचे बावीस होतात, संध्याकाळी पुन्हा तेच, मधल्या वेळेत माश्या मारतात. पैसे बावीसचे.

दुसरा पर्याय ॲमेझॉनच्या घरच्या साधनांचा. त्यातलं सिक्युरिटी हब कड्या-कोयंडे लावलेत का ते तपासतं आणि गार्डड्यूटी कुणी खिडकीतून डोकावतंय का ते बघतं. तिसरा पर्याय प्राउलर, फुकटातलं. कुणीही उतरवून घ्यावं, आपल्या खात्यावर चालवावं, शेकडो तपासण्या करून यादी हातात देतं.

तक्त्यात बघाल तर पहिल्यासमोर सगळ्यात जास्त खुणा. पण आम्हाला खुणा नको होत्या. मी आमच्या सिस्टीम बघणाऱ्या मुलाला म्हटलं, आपणच एक दार उघडं ठेवू आणि कोण ओरडतंय बघू. मशीनचा नमुना तपासल्याशिवाय संस्थेत फॅट मान्य करत नाहीत, मग हे कसं मान्य करायचं?

एका मंगळवारी सकाळी अकराला, संकलनाची घाई संपल्यावर, तीन गोष्टी मुद्दाम बिघडवल्या. एक नवी बकेट खोट्या सभासदांची यादी टाकून उघडी केली. (आता ती उघडी करायलाच दोन-तीन ठिकाणी होय-होय म्हणावं लागतं, हे बरं झालंय.) एका रिकाम्या सर्व्हरचं बावीस नंबरचं पोर्ट, म्हणजे दुरून आत शिरायचं दार, साऱ्या जगाला उघडलं. आणि सगळे अधिकार असलेला एक युजर नुसत्या पासवर्डवर, ओटीपीशिवाय, करून ठेवला. तिन्ही साधनं चाचणीवर चालू होती.

सिक्युरिटी हबनं बकेट आणि पोर्ट तासाभरात पकडलं, युजर दुसऱ्या दिवशी. उत्तम. फक्त ते त्यानं कुणाला सांगितलंच नाही. त्याच्याच पडद्यावर लाल अक्षरांत लिहून तो गप्प बसला. मेल किंवा मेसेज यावा असं वाटत असेल तर ती तार आपण वेगळी जोडायची असते. म्हणजे राखणदारानं चोर पाहिला आणि आपल्या वहीत लिहून ठेवला.

पुण्याच्या पाहुण्यांच्या साधनाला तिन्ही चुका दुसऱ्या सकाळी दिसल्या, कारण आम्हाला दाखवलेल्या योजनेत तपासणी दिवसातून एकदा. पण दाखवल्या त्या फार चांगल्या, हे मान्य करते. या पोर्टमधून या सर्व्हरवर, तिथून या कोठीपर्यंत कसं पोचता येईल, याचं चित्रच काढून दिलं. ज्यांचे शेकडो सर्व्हर आहेत आणि दोन-तीन कंपन्यांच्या क्लाउडवर पसारा आहे, त्यांनी त्यासाठी पैसे मोजावेत. आम्हाला मात्र पहिल्याच दिवशी ८६४ सूचना आल्या, आणि आपली बकेट शोधायला तिसऱ्या पानापर्यंत जावं लागलं. मेल आला होता तो जाहिरातींच्या टॅबमध्ये पडला होता.

प्राउलर आपणहून काहीच करत नाही. चालवलं की वीसेक मिनिटांत यादी, नाही चालवलं की नाही. त्या यादीत तिन्ही चुका होत्याच. पण खरी किंमत वसूल झाली ती भलत्याच ओळीवर. एक तपासणी अशी होती की ती प्रोग्रामला करता येत नाही, माणसानं स्वतः बघावी, म्हणून नुसती आठवण करून दिली होती: खात्यावरचा संपर्क चालू आहे का बघा. बघितलं. ॲमेझॉन ज्या ईमेलवर आम्हाला सुरक्षेचं पत्र पाठवणार, तो ज्याचा होता तो मुलगा दिवाळीनंतर नोकरी सोडून बेंगळुरूला गेलाय. त्या इनबॉक्सला चार महिने कुणी हात लावला नव्हता. अकरा लाखांचं साधन घेतलं असतं तरी ॲमेझॉनचं पत्र तिथंच जाऊन पडलं असतं.

लेखात 'एजंट' असलेलं साधन बिनएजंटच्या साधनापेक्षा सरस, असा सूर होता. एजंट म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या आत बसवायचा छोटा प्रोग्राम. तो आतलं जास्त बघतो हे खरं. पण १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अशाच एजंटच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले आणि आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. आमचे सर्व्हर लिनक्सचे आहेत, त्या दिवशी आमचं काही बिघडलं नाही. पण सकाळी सातला संकलन अडलं तर दूध थांबत नाही. कॅन घेऊन लोक रांगेत उभे असतात आणि टेम्पोची वेळ ठरलेली असते. तेव्हा एजंट बसवायचा तर अपडेट आधी एकाच सर्व्हरवर, तेही दुपारी, घेता येतं का, हे विचारा. पुण्याच्या पाहुण्यांना मी विचारलं. "विचारून सांगतो," म्हणाले.

मोठ्यांचं तरी काय वेगळं असतं? अमेरिकेतली कॅपिटल वन बँक. २०१९ च्या मार्चमध्ये क्लाउडवरून तिच्या सुमारे दहा कोटी अमेरिकी आणि साठ लाख कॅनडातल्या ग्राहकांची माहिती गेली, ती राखणीला ठेवलेल्या फायरवॉलच्याच चुकीच्या मांडणीतून. पुढच्या वर्षी आठ कोटी डॉलर दंड झाला. त्या बँकेकडं साधनं नव्हती असं कोण म्हणेल? पण तिला कळलं ते जुलैमध्ये, एका त्रयस्थानं धाडलेल्या ईमेलवरून. असं कळवण्यासाठी बँकेनं एक पत्ता ठेवला होता आणि तो कुणीतरी वाचत होतं. आमच्याकडं तर तेवढीही सोय नव्हती. भुदरगडच्या त्या पोरानं वडिलांच्या मोबाइलमधून माझा नंबर काढला.

शेवटी आम्ही ॲमेझॉनची घरची साधनं घेतली. फुकटचे पहिले तीस दिवस संपल्यावर महिन्याला चौदा हजारांच्या आसपास जातात. फाइल उघडल्याच्या नोंदी सुरू केल्या, त्या १८० दिवस राहतात. तातडीची सूचना आता दोन मोबाइलवर वाजते, एक माझा. दर सोमवारी संकलन उरकल्यावर प्राउलर चालतं आणि चहाबरोबर ती यादी मी वाचते. मी बी.कॉम. आहे, संगणकाची पदवी नाही. पहिल्या सोमवारी २३७ लाल ओळी होत्या, परवा ३१. त्यातल्या पाच-सहा अजून मला कळत नाहीत, त्या कळेपर्यंत आमच्या सिस्टीमवाल्या मुलाला मी सोडत नाही. पुढच्या वर्षी पसारा वाढला तर अकरा लाखवाल्यांना पुन्हा बोलवीनही, पण तेव्हाही दार आधी आम्ही उघडं ठेवू.

आणि एक केलं. प्रत्येक बिलाच्या तळाशी आता एक ओळ छापतो: 'या बिलात काही गैर दिसल्यास कळवा', पुढं फोन नंबर. महिन्याभरात एकवीस फोन आले. एकोणीस फॅट कमी लागल्याचे. एक वजावट दोनदा झाल्याचा. आणि एक आजऱ्याहून, एका आजींचा. त्यांच्या मेसेजमध्ये त्यांच्या बिलासोबत त्यांच्या जावेचंही बिल येत होतं. एकाच मोबाइल नंबरवर दोन सभासद नोंदवलेले. ते तिन्ही साधनांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

माझं आणि कंपनीचं नाव छापू नये, ही विनंती. सगळ्या २१२ सचिवांना आम्ही फेब्रुवारीतच कळवलं होतं. सभासदांना मात्र समक्ष सांगायचं ठरवलंय. आतापर्यंत १४० गावं झाली. उरलेल्यांना ते पेपरातून कळू नये.

आपली,
एक वाचक
कागल, जि. कोल्हापूर