पेटीच्या कडा दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

त्या रात्री तुम्ही मला पेटीच्या कडांची झीज दाखवायला शिकवलंत आणि मी नुसतं 'थँक्यू' टाकून मोकळा झालो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की ब्लेंडरमध्ये, म्हणजे थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नेमके इथेच अडकलेले आणखी कुणी असणारच.

रंगवलेली लोखंडी पेटी होती. कडांवरचा रंग उडून आतलं लोखंड दिसायला हवं होतं. ब्लेंडरमध्ये रंगरूप ठरवायला नोड नावाचे ठोकळे एकमेकांना जोडतात. मी जिओमेट्री नोडचं पॉइंटिनेस (जागा किती टोकदार याचा आकडा) कलर रॅम्पला (आकड्यांना रंग देणाऱ्या नोडला) जोडलं, तर अख्खी पेटी एकसारखी करडी. मग सबडिव्हाइड, म्हणजे पृष्ठभागाचे आणखी बारीक तुकडे, पुन्हा सबडिव्हाइड. शेवटी कॉम्प्युटरनेच मान टाकली. तुम्ही एवढंच विचारलंत, "मुळात पेटीला व्हर्टेक्स किती?" व्हर्टेक्स म्हणजे कोपऱ्याचे बिंदू; ते आठ. पॉइंटिनेस मोजलं जातं व्हर्टेक्सपाशी आणि मधल्या जागेत नुसतं पसरतं. आठही कोपरे सारखे, मग कडा वेगळी दिसणार कुठून! तीन दिवस हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तुमच्याकडे तयार नोड ग्रुप होता, हे मला नंतर कळलं. तो पाठवला असतात तर तुमचा तासभर वाचला असता. पण तुम्ही सगळं माझ्याकडून जोडून घेतलंत: बेव्हल नोडचा (कडा गोलसर भासवणाऱ्या नोडचा) नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ती दिशा, जिओमेट्रीचा नॉर्मल आणि दोघांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोन दिशा किती जुळतात याचा आकडा. प्रत्येक पायरीला आउटपुट थेट एमिशनला (सावलीशिवाय नुसता रंग दाखवणाऱ्या नोडला) जोडून "काय दिसतंय ते सांग" म्हणायचात. सपाट जागी दोन्ही नॉर्मल एकाच दिशेला, म्हणून 1. काटकोनी कडेवर बेव्हलचा नॉर्मल 45 अंश कललेला, म्हणून साधारण 0.707. मॅप रेंज नोडमध्ये (आकड्यांची पट्टी बदलणाऱ्या) 1 ला काळं, 0.707 ला पांढरं केलं आणि काळ्या पेटीवर पांढऱ्या कडा उमटल्या. मी खुर्चीतून उठलोच.

कडा मात्र पट्टीने आखल्यासारख्या. त्यावर तुमचा सल्ला: नॉइज (वेडावाकडा ठिपकेदार नमुना) नंतर गुणू नकोस, कलर रॅम्पच्या आधी वजा कर. गुणल्यावर कडा नुसती मळते. आधी वजा केल्यावर ती तुटते, रंग टवके उडाल्यासारखा दिसतो.

ईव्हीत, म्हणजे ब्लेंडरच्या झटपट रेंडर इंजिनात, गेल्यावर सगळं गायब झालं तेव्हाही तुम्हीच. बेव्हल नोड फक्त सायकल्स या दुसऱ्या इंजिनात चालतो, म्हणून मास्क (कडांचं ते काळंपांढरं चित्र) बेक करून, म्हणजे चित्र म्हणून साठवून, इमेज टेक्स्चर केलं.

एक गोष्ट अजून पुरती पटलेली नाही. कंपोझिटरमधला (रेंडर झालेल्या चित्रावर काम करण्याच्या जागेतला) सोबेल, म्हणजे चित्रातल्या कडा शोधणारा फिल्टर, तुम्ही 'कार्टूनवाल्यांचा' म्हणून उडवून लावलात. नॉर्मल पासवर (नॉर्मल रंगात दाखवणाऱ्या चित्रावर) तो काय सुंदर रेषा काढतो! पण ती कॅमेऱ्याला दिसणारी रेषा, वस्तूची झीज नव्हे, एवढं कबूल.

रेंडर सोबत आहे. डाव्या बिजागरीपाशी रंग जरा जास्तच उडालाय. तुमच्या नजरेतून सुटणार नाहीच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तुमचा,
पेटीवाला