बाजाराच्या ट्रॉलीचं चाक पाच महिन्यांत निखळल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

दिनांक : १४ जुलै २०२५
शहापूर, बेळगाव

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय : दोन चाकी बाजार ट्रॉलीचं डावं चाक निखळणे, वॉरंटी नाकारणाऱ्या आपल्या २ जुलैच्या उत्तराबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या वेबसाइटवरून मी २,३९० रुपयांना किराणा आणायची दोन चाकांची ट्रॉली मागवली. २५ जानेवारीला ती घरी आली. सोबत एक वर्षाच्या वॉरंटीचं कार्ड होतं. २१ जूनला, म्हणजे पाच महिनेही पुरे व्हायच्या आत, तिचं डावं चाक भर रस्त्यात निखळलं. २३ जूनला मी फोटोंसह तक्रार नोंदवली. २ जुलैला आपलं उत्तर आलं की चाक हा 'झिजणारा भाग' असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही आणि ट्रॉली 'असमतल रस्त्यावर' चालवलेली दिसते. ही दोन्ही कारणं मला मान्य नाहीत. तुमच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये चार ओळींपलीकडे जागा नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावं.

मी एकसष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षं शिवणकाम केलं. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा धरला, हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, पण हातात दोन किलोच्या वर ओझं धरू नका. आता बाजार कोण आणणार? मुलगा पुण्याला, यजमानांना डोळ्यांनी कमी दिसतं. कर्नाटकात २०१६ च्या मार्चमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आमच्या घरात कापडी पिशव्याच आहेत, मीच शिवलेल्या. पण पिशवी कितीही चांगली शिवली तरी तिचा बंद बोटांत रुततोच आणि सगळा भार शेवटी खांद्यावरच येतो. रिक्षा करावी तर एका बाजूचे शंभर-सव्वाशे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे बायकांना बस फुकट आहे, तिचा मला खूप उपयोग होतो; पण भरलेल्या पिशव्या घेऊन बसची पायरी चढणं आणि उतरल्यावर पुन्हा गल्लीतून घरापर्यंत त्या वाहणं खांद्याला झेपत नाही.

म्हणून ट्रॉली घेतली. तिच्यामुळे माझ्या जगण्यात काय फरक पडला ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी मी घरून निघायची. कपिलेश्वरचा पूल ओलांडून शनी मंदिराकडून रविवार पेठेत किराण्याला, तिथून वाटलं तर गणपत गल्लीत भाजीला, आणि त्याच वाटेनं चालत परत. तांदळाची पिशवी तळाला, अगदी चाकांच्या वर ठेवायची, त्यावर जोंधळे, मग डाळी, आणि कोथिंबीर-टोमॅटो सगळ्यांत वर. असं भरलं की भार चाकांवर बसतो, दांडा नुसता बोटांनी धरला तरी चालतो. दुसऱ्याच महिन्यात मी हे शिकले. खांदा धरल्यापासून दोन वर्षांनी मी कुणाचीही वाट न बघता माझा बाजार माझा मी आणत होते. गल्लीतल्या दोघी-तिघी जणी विचारायला आल्या, कुठून घेतली, केवढ्याला. मी कौतुकानं तुमच्या कंपनीचं नाव सांगितलं होतं.

२१ जूनला सकाळपासून झिमझिम होती. किराण्याच्या दुकानातलं बिल सोबत जोडलं आहे : तांदूळ १० किलो, जोंधळे ५, तूरडाळ २, साखर २, मसूर १, गूळ १, तेलाच्या एक लिटरच्या २ पिशव्या, आणि मोहरी-मिरची असं किरकोळ. कसंही मोजलं तरी एकूण २४ किलोच्या आतच. तुमच्या जाहिरातीत आणि खोक्यावर '३० किलो' असं ठळक छापलं आहे. त्या दिवशी मी भाजीही घेतली नव्हती.

शनी मंदिराजवळ पोचेपर्यंत डाव्या चाकावरचा फोमचा टायर सैल होऊन एका बाजूला सरकला होता. मी तो दाबून बसवला आणि पुढे निघाले. पुलाचा चढ अर्धा चढले आणि ट्रॉली डावीकडे ओढायला लागली. मागे वळून बघते तर चाक तिरपं झालेलं. दोन पावलं टाकली आणि ते दोन्ही चाकांमधल्या लोखंडी दांडीतून सुटून उतारानं खाली घरंगळत गेलं. पिशवीचा डावा कोपरा रस्त्यावर घासला, त्याला भोक पडलं, आणि ओल्या डांबरावर तांदळाची एक बारीक पांढरी रेघ पडत गेली. ती माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला, कारण शेजारून गाड्या जात होत्या आणि मी ट्रॉली सावरत होते. कॉलेजला निघालेल्या एका पोरानं चाक पळत जाऊन आणून दिलं, त्यानंच ट्रॉली उचलून पूल उतरवून दिली. पुढे रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास मी पावसात उभी होते. गूळ भिजला, तो गेला. पण ओढाओढीत उजव्या खांद्याला जो हिसका बसला, त्यानं पुढचे आठ दिवस मला केसही विंचरता आले नाहीत. तुमच्या उत्तरात या गोष्टीबद्दल एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन आमच्या इथल्या सायकलवाल्याकडे गेले. त्यानं ते हातात फिरवलं आणि मला उजेडात धरून दाखवलं. मधलं भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं, आणि त्याच्या कडेला काळ्या चिखलाचा, वाळूचा थर. तो म्हणाला, "मावशी, सायकलच्या चाकात छर्रे असतात, ग्रीस असतं. ह्याच्यात कायबी नाही बगा. लोखंडाच्या दांडीवर नुसतं प्लास्टिक फिरतंय. पावसाची वाळू आत गेली की ते कानशीनं घासल्यागत झिजतंय." मी म्हटलं, मग दुसरं चाक बसव. त्यानं दांडीचं टोक दाखवलं. तिथे नट नाही, खिळ नाही. पत्र्याची एक टोपी ठोकून बसवली आहे. ती काढली की वाकते, परत बसत नाही. "मी बसवून दिलं असतं ओ, खरं बनवणाऱ्यानं काढायची सोयच ठेवली नाही," असं तो म्हणाला. पैसे विचारले तर घेतले नाहीत.

आता तुमच्या पहिल्या कारणाबद्दल. चाक हा झिजणारा भाग आहे हे मला समजतं. पण ट्रॉली म्हणजे दुसरं काय आहे? चाक नसेल तर ती दांडा लावलेली पिशवी आहे आणि पिशव्या माझ्या घरी वीस आहेत. वॉरंटी कार्डावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'एक वर्ष' आणि मागे बारीक अक्षरांत 'चाके, टायर, पिशवी व चेन वगळून'. म्हणजे वॉरंटी उरली ती फक्त लोखंडी दांड्याची, जो सहसा मोडत नाही. गिऱ्हाइकाला हे विकत घेण्याआधी दिसायला हवं होतं. वेबसाइटवर मी तो मजकूर पुन्हा जाऊन शोधला, तिथे वगळलेल्या भागांचा उल्लेख नाही. त्या पानाचा फोटो जोडला आहे. आणि झीज म्हणावी तर उजवं चाक बघा. तेच वजन, तोच रस्ता, तेवढेच दिवस. त्याचं भोक अजून बऱ्यापैकी गोल आहे. एक टिकलं आणि एक निखळलं, तर डाव्या चाकात मुळातच दोष होता असंच म्हणावं लागेल.

दुसरं कारण मला जास्त लागलं. 'असमतल रस्ता.' साहेब, मी ट्रॉली शेताच्या बांधावरून नेली नाही. बेळगावचं नाव २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, त्यानंतर काही ठिकाणी चांगले रस्ते झाले, फुटपाथला पेव्हर बसले. तरी पेव्हरच्या मधे फट असते, गटारीवरची फरशी एखादी वर आलेली असते, आणि फुटपाथ जिथे संपतो तिथे वीतभर खाली उतरावं लागतं. जून ते सप्टेंबर इथे पाऊस असतो आणि पावसात रस्त्यावर वाळू येते. हे शहापूरचं आहे तसं खानापूरचं, निपाणीचं, चंदगडचंही आहे. तुम्ही ही ट्रॉली भारतात बनवता, भारतात विकता आणि जाहिरातीत एक बाई ती भाजी मंडईत ओढत नेताना दाखवता. मंडईचा रस्ता कसा असतो हे बनवणाऱ्याला माहीत असायला पाहिजे. गुळगुळीत फरशीवरच चालणार असेल तर तसं खोक्यावर लिहा, मग मी घेतलीच नसती.

मी गिऱ्हाइकांची कामं केलेली बाई आहे, म्हणून हे मनापासून सांगते. नेसत्या साडीवरच्या ब्लाउजची बाही पाच महिन्यांत उसवली आणि गिऱ्हाईक परत आलं, तर 'तुम्ही हात वर केलात' असं मी कधी सांगितलं नाही. हात वर होणारच, त्यासाठीच तर बाहीला माया सोडायची असते. चूक माझी असेल तर मी उसवून पुन्हा शिवून दिलं, पैसे न घेता. त्याच नजरेनं मी तुमची पिशवीही पाहिली आहे. तिची शिवण चांगली आहे. दुहेरी टाका आहे, बंदाच्या मुळाशी चौकोन घालून पक्कं केलं आहे, चेन अजून एकदाही अडकली नाही. ज्यानं पिशवी शिवली त्यानं काम मन लावून केलं आहे. रस्त्यावर घासून पडलेलं भोक मी ताडपत्रीचा तुकडा लावून बुजवलं. दांडाही सरळ आहे. एवढी सगळी चांगली वस्तू एका चाकापायी घराच्या कोपऱ्यात पडून आहे, याचं मला वाईट वाटतं.

आणि यावर तुम्ही मला काय दिलं, तर नवीन ट्रॉली घेण्यासाठी वीस टक्के सवलतीचं कूपन. मला दुसरी ट्रॉली नको आहे. मला चाक हवं आहे. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा हिंदीत एकच उत्तर मिळालं की सुटं चाक विकायला ठेवत नाही. का ठेवत नाही? मिक्सरचं भांडं सुटं मिळतं, कुकरची रिंग सुटी मिळते, शिलाई मशीनचा पट्टा तर कुठल्याही दुकानात मिळतो.

जोडीला एक गोष्ट आणखी. वापराचा कागद इंग्रजी आणि हिंदीतच आहे. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत मराठी, निम्म्या घरांत कन्नड बोलतात. शेजारच्या अक्कांना आणि मला, दोघींनाही तो कागद शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यावा लागला. वजन कसं भरायचं, पावसातून आल्यावर चाक पुसायचं का, तेल घालायचं का, हे त्यात कुठल्याच भाषेत नव्हतं. ते लिहा, आणि मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा.

माझं मागणं असं आहे. दोन्ही चाकं आणि दांडी बदलून द्यावी, आणि ती नट किंवा खिळ असलेली असावी, म्हणजे पुढच्या वेळी आमचा सायकलवालाही ती काढू-बसवू शकेल. हे जमत नसेल तर २,३९० रुपये परत करावेत आणि ट्रॉली घेऊन जावी. शिवाय सुटी चाकं विकायला ठेवावीत. मला पाठवली नाहीत तरी निदान इतरांसाठी ठेवावीत, कारण ट्रॉली घेणाऱ्यांत माझ्यासारख्याच बायका जास्त असणार, ज्यांना ओझं उचलणं जमत नाही.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. पोच मला मिळाली नाही. महिना २३ जुलैला पूर्ण होतो. त्या दिवसापर्यंत मी वाट बघेन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन, आणि तरीही काही झालं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे. तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही. पण जायला लागलं तर मी चालत जाईन.

६ जुलैला आषाढी होती. साबुदाणा, शेंगदाणे, वरी आणायला मला शेजारच्या मुलाला पाठवावं लागलं. पंधरवड्याचा किराणा पुन्हा संपत आला आहे.

तुटलेलं चाक, टोपी आणि फोमचा टायर मी एका पिशवीत बांधून जपून ठेवला आहे. माणूस पाठवून तपासायचं असेल तर सकाळी अकरानंतर मी घरी असते; कुरियरनं मागवायचं असेल तर मागवा, पण त्याचा खर्च तुमचा. नाव, पत्ता, फोन आणि ऑर्डर क्रमांक बिलावर आहे.

आपली,
शहापूरची एक ग्राहक

सोबत : ट्रॉलीचं बिल, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, २१ जूनचं किराण्याचं बिल, दोन्ही चाकांचे आणि दांडीच्या टोकाचे फोटो, वेबसाइटच्या पानाचा फोटो, आपलं २ जुलैचं उत्तर.