आजीचं रोजचं वजन

सांगली

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

आजी सोमवारी साताऱ्याला तुझ्याकडे येते आहे. गोळ्यांच्या वेळा फाईलमध्ये आहेत, त्या तुला जमतील. वजनाचं मात्र सविस्तर लिहिते, कारण तिचं हृदय कमजोर असल्याने अंगात पाणी साचतं आणि ते आधी काट्यावर दिसतं.

काटा तिच्यासोबत पाठवते आहे, तोच वापर. दोन काट्यांत किलोभराचा फरक सहज निघतो आणि मग अंगात पाणी साचलंय की काटाच वेगळा आहे, हे कळत नाही. तो सपाट, पक्क्या फरशीवर ठेव, सतरंजीवर नको. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अनवाणी. साताऱ्याच्या थंडीत स्वेटर-शाल उतरवायला ती कुरकुरेल, पण रोज तेवढेच कपडे हवेत. भिंतीला किंवा काठीला हात टेकला की आकडा कमी येतो. तू शेजारी उभा राहा, धरू मात्र नकोस.

आकडा लगेच कॅलेंडरच्या चौकोनात लिही. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी धरलेलं तिचं वजन 52.4 किलो आहे. एका दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी त्यांना फोन कर. इतक्या झटपट चरबी चढत नाही, ते पाणीच; एक लिटर म्हणजे एक किलो. पाय सुजलेले दिसेपर्यंत बरंच साचून गेलेलं असतं. रोज 300 ग्रॅम वाढत गेलं तर कालच्या आकड्याशेजारी ते काहीच वाटत नाही, आणि आठवड्यात दोन किलो होतात. म्हणून 52.4 शीही ताडून बघ. जुलाब होऊन वजन उतरलं, चक्कर आली, तरीही कळव. लघवीची गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही, बंदही करायची नाही.

वजन वाढलं की पोटात काय गेलं ते बघ: लोणचं, पापड, इथून आलेलं भडंग. सैंधव हेही मीठच. कमी सोडियमचं मीठ तर आणूच नकोस. त्यातलं पोटॅशियम तिच्या गोळ्यांबरोबर घातक ठरू शकतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नकोस, त्यांनी अंगात मीठ-पाणी धरून राहतं.

आकडा जागेवर असला तरी रात्री धाप न लागता झोपायला उशा किती लागल्या, खोकला आला का, हे रोज विचार. जेवण तुटलं की मांस झडतं, तेवढंच पाणी चढलं तर काटा हलतच नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर वजन करत बसू नकोस, 108 ला फोन लाव.

मंगळवारी सकाळचा आकडा मला कळव.

तुझी आई