मिलर यांच्या चंबूत मीठ नव्हते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सजीवांच्या उत्पत्तीवरचा आपल्या विज्ञान पुरवणीतला लेख आवडला. पण ‘जीवन समुद्रात जन्मले’ म्हणताना समुद्राच्या खारेपणाची त्यात दखलच नाही. आदिम पृथ्वीची नक्कल करून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, बनवणाऱ्या स्टॅन्ली मिलर यांच्या १९५३च्या प्रयोगातही मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि ठिणग्या होत्या. पाणी मात्र बिनमिठाचे. आजच्या समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आदिम समुद्रातले प्रमाण नेमके हेच नसेल, पण तो गोडा खचितच नव्हता.

अमिनो आम्ले तयार होणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग. खरी अडचण त्यांची साखळी जुळून प्रथिन बनण्यात आहे. दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो, आणि चहूकडे पाणीच असताना ते घडणे अवघड; उलट जुळलेली साखळीच तुटू पाहते. इथे मीठ कामाला येते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे बर्न्ड रोडे आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले, की मिठाच्या तीव्र द्रावणात तांब्याचे आयन (विद्युतभारित अणू) असतील तर अमिनो आम्लांची जोडी जमते. तांबे दोघांना जवळ धरून ठेवते. सोडियमला वेढून घ्यायला पाणी अपुरे पडू लागते, म्हणून सुटणारा रेणू तेच ओढून घेते. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. अर्थात एवढी तीव्रता यायला समुद्राचे पाणी कित्येक पट आटावे लागते, म्हणजे उघड्या समुद्रापेक्षा भरतीने भरणारी आणि उन्हाने आटणारी डबकी हवीत. शिवाय ऑक्सिजन नसलेल्या त्या काळात पाण्यात असे तांबे कितीसे असेल, हा आक्षेपही रास्त आहे.

तेच क्षार दुसरीकडे आडवे येतात. पहिल्या पेशींचे आवरण साध्या मेदाम्लांचे (तेला-तुपातल्या आम्लांचे) असावे असे मानतात. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असले की मेदाम्ले त्यांच्याशी संयोग पावून खाली बसतात. दुष्फेन पाण्यात साबणाचा साका धरतो तो याच रसायनामुळे. म्हणूनच अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर समुद्राऐवजी जमिनीवरच्या गोड्या, उष्ण झऱ्यांचा आग्रह धरतात. आणि गंमत अशी, की आनुवंशिक माहिती वाहू शकणाऱ्या आरएनए या रेणूला आपली घडी राखायला मॅग्नेशियमच लागते!

आणखी एक पुरावा तर आपल्या प्रत्येक पेशीत आहे. समुद्रात पोटॅशियमच्या चाळीसपटीहून अधिक सोडियम आयन असतात. पेशीच्या आत मात्र पोटॅशियम जास्त आणि सोडियम थोडे. आर्मेन मुल्कीजानियान आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये यावरूनच पहिल्या पेशी जमिनीवरच्या भूऔष्णिक कुंडांत घडल्या असाव्यात, अशी मांडणी केली. ती सर्वांना मान्य नाही. पेशींनी हा फरक नंतर आयन आत-बाहेर ढकलणाऱ्या आवरणातल्या पंपांच्या जोरावर साधला, असेही म्हणता येते.

माझा स्वतःचा कल वारंवार आटणाऱ्या आणि पावसाने पुन्हा पातळ होणाऱ्या डबक्यांकडे आहे, कारण तिथे क्षारांचे प्रमाण एकसारखे राहत नाही: साखळी जुळायला तीव्र द्रावण, आवरण बनायला सौम्य. या वादावर दोन्ही बाजू मांडणारा सविस्तर लेख पुरवणीत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक